मॉडेलमध्ये स्विच दोन्ही बाजूंना टिकतो, पेशीत एकाच बाजूला पडतो. कॉम्प्युटेशनलवाल्याने आता करायचं काय?

गणितातून_आलेला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय आणि तो लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळचा गणित आणि कोडिंगवाला, बायोलॉजी शाळेनंतर सुटली ती सुटलीच. आता सिंथेटिक बायोलॉजीच्या एका ग्रुपमध्ये पीएचडी करतोय आणि कॉम्प्युटेशनल असा मी एकटाच, बाकी सगळे बेंचवर, म्हणजे हाताने प्रयोग करणारे. ठरलेलं काम असं की ई. कोलाय या बॅक्टेरियात जीन सर्किट (एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जीन्सची जोडणी) बसवायचं, डिझाइन आणि मॉडेल मी करायचं, बांधणार ते. सुरुवात म्हणून टॉगल स्विच घेतला, म्हणजे दोन रिप्रेसर (जीन बंद करणारी प्रोटीन), लॅक-आय आणि टेट-आर, दोघंही एकमेकांचं उत्पादन दाबून ठेवतात. टेट-आरच्या बाजूला जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, जोडलाय. आयपीटीजी हे रसायन दिलं की लॅक-आय निकामी होतो, टेट-आर वर येतो, पेशी हिरव्या होतात. मग आयपीटीजी धुऊन टाकलं तरी पेशी हिरव्याच राहायला पाहिजेत, हीच तर स्विचची मेमरी. उलट बाजूला न्यायला एटीसी हे रसायन, ते टेट-आरला निकामी करतं.

माझ्या समीकरणांत दोन स्थिर अवस्था अगदी सुरेख येतात, फेज प्लेन (दोन्ही रिप्रेसरचं प्रमाण कुठून कुठे जातं त्याचा नकाशा) काढून भिंतीवर लावलाय. प्रत्यक्षात आयपीटीजी काढल्यावर फ्लुरोसन्स (हिरवी चमक) हळूहळू उतरतो आणि दुसऱ्या दिवशी प्लेट रीडरवर धड वर नाही धड खाली नाही असं मधलंच काहीतरी दिसतं. माझ्या मॉडेलमध्ये मधली अवस्था अस्थिर आहे, तिथे थांबताच येत नाही!

मग पॅरामीटर डेटावर फिट केले. फिट झकास बसला, पण एक पॅरामीटर शंभर पट हलवला तरी दुसरा त्याच्यासोबत सरकतो आणि कर्व्ह तसाच्या तसा. मग या आकड्यांना अर्थ काय? त्यात ग्रुपमधली सिनियर परवा सगळ्यांसमोर म्हणाली की तुझं मॉडेल आम्हाला आधीच माहीत असलेलंच सांगतं, तेही प्रयोग झाल्यावर. झोंबलं, कारण खोटं नाहीये ते. या फील्डमध्ये माझ्यासारख्याने दिवसभर नक्की काय करायचं असतं ते कोणी सांगेल का? आणि जमलं तर स्विचचंही बघा.

पेट्रीवाली

मी बेंचवालीच आहे त्यामुळे तुमच्या सिनियरची बाजू थोडी घेणार, पण आधी स्विच.

प्लेट रीडर तुम्हाला सरासरी दाखवतो. वर्गातली अर्धी पोरं पहिल्या श्रेणीत आणि अर्धी नापास असली तरी वर्गाची सरासरी मध्येच येते, आणि त्या मार्कांचा एकही पोरगा वर्गात नसतो. त्यामुळे मधली व्हॅल्यू दिसली म्हणून पेशी मधल्या अवस्थेत आहेत असं होत नाही. फ्लो सायटोमीटरवर सॅम्पल घाला, एकेका पेशीचं फ्लुरोसन्स बघा, हिस्टोग्रामला एक उंचवटा की दोन तेवढं सांगा. याच्याशिवाय टॉगलवर चर्चा करण्यात काही अर्थ नाही.

दुसरं, दोन्ही बाजूंनी सुरुवात करा. एक कल्चर आयपीटीजीतून आलेलं, एक एटीसीतून आलेलं, दोन्ही नीट धुतलेली, आणि मग दोन्ही अगदी सारख्या मीडियात. दोन्ही आपापल्या जागी राहिली तर मेमरी आहे. दोन्ही एकाच ठिकाणी जाऊन बसली तर स्विच नाही, कितीही सुंदर फेज प्लेन असू दे.

तिसरं म्हणजे टाइमस्केल. साधा जीएफपी पेशीत जवळपास तुटत नाही, टॅग लावलेला नसेल तर तो कमी होतो तो फक्त पेशी वाढून विभागल्यामुळे. म्हणजे टेट-आर आज्जिबात बनायचा थांबला तरी हिरवा रंग एका विभाजनात फार तर निम्मा होणार. कल्चर स्टेशनरीत गेलं, म्हणजे वाढायचं थांबलं, की तेही बंद. तेव्हा रात्रभर ठेवून सकाळी मोजलेला आकडा स्विचबद्दल सांगतोय की कल्चर कधी वाढायचं थांबलं त्याबद्दल, हे तुम्हाला कळणारच नाही. दर थोड्या वेळाने ताज्या मीडियात डायल्यूट करत वाढीच्या फेजमध्येच ठेवा.

आणि प्लास्मिड (सर्किट ज्यावर बसवलंय तो डीएनएचा गोल तुकडा) सिक्वेन्स करून घेतलाय ना? विचारून ठेवते, राग मानू नका.

ग्रेडियंट_डिसेंट

मला कळत नाही २०२० नंतरही लोक हाताने समीकरणं का लिहितायत. प्रोटीनचं स्ट्रक्चर प्रेडिक्ट करायला लोकांची करिअरं गेली, अल्फाफोल्ड नावाच्या एआयने तो प्रश्न कुठल्या कुठे नेला, २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जंपर यांना मिळालं ते यासाठीच. सर्किटचंही तेच होणार. डिझाइनची मोठी लायब्ररी बांधा, मोजा, मॉडेल ट्रेन करा, विषय संपला. चार समीकरणं आणि पेपरमधून गोळा केलेले पॅरामीटर यात आयुष्य घालवू नकोस भावा.

जुनं_खोड

ग्रेडियंटराव, अल्फाफोल्डला शिकायला काय होतं ते आठवा. अनेक दशकं जगभरच्या लोकांनी क्रिस्टल बनवून जमवलेली, एकाच फॉरमॅटमधली, सगळ्यांना खुली असलेली स्ट्रक्चर्स. जीन सर्किटचा असा डेटा कुठाय? प्रत्येकाचं फ्लुरोसन्स आपापल्या मशीनच्या आर्बिट्ररी युनिटमध्ये, स्ट्रेन वेगळा, मीडिया वेगळा, तापमान वेगळं. आणि बेकर यांना अर्धं नोबेल मिळालं ते प्रोटीन डिझाइनसाठी, स्ट्रक्चर प्रेडिक्शनचं अर्धं बाकी दोघांचं. असो.

आता मूळ प्रश्न. मॉडेल कशासाठी करायचं हे बघायला मला अजूनही रेप्रेसिलेटरपेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. एलोविट्झ आणि लाइब्लर, २००० साल, नेचरच्या ज्या अंकात गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांचा टॉगल स्विच आला त्याच अंकात. तीन रिप्रेसर गोलात, पहिला दुसऱ्याला दाबतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला. समीकरणं सहा, तीन एमआरएनएची (जीनची तात्पुरती प्रत, जिच्यावरून प्रोटीन बनतं) आणि तीन प्रोटीनची. त्यांनी त्या समीकरणांना काय विचारलं ते बघण्यासारखं आहे. पिरियड किती मिनिटांचा येईल असं नाही विचारलं, तर कुठल्या परिस्थितीत हे सर्किट डोलेल आणि कुठल्या परिस्थितीत गपगार एका जागी बसेल, एवढंच. उत्तर आलं की प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारे डीएनएचे तुकडे, जोरकस पाहिजेत पण दाबले की नीट बंद व्हायला पाहिजेत, आणि प्रोटीनचं आयुष्य एमआरएनएच्या आयुष्याच्या जवळपास आलं पाहिजे. आता ई. कोलायमध्ये प्रोटीन सहसा टिकतात आणि एमआरएनए काही मिनिटांत जातो. मग त्यांनी तिन्ही रिप्रेसरना एसएसआर-ए नावाची शेपटी जोडली, जी दिसली की पेशीतलं प्रोटिएज ते प्रोटीन तोडून टाकतं. म्हणजे समीकरण बघून जीनच्या टोकाला काय जोडायचं ते ठरलं. मॉडेलचं काम झालं ते इथे.

आणि रिझल्ट? पिरियड १६० मिनिटांच्या आसपास, तोही ४० मिनिटं इकडेतिकडे, पेशींचं विभाजन ५० ते ७० मिनिटांत, म्हणजे घड्याळ पेशीच्या आयुष्यापेक्षा लांब आणि आईकडून लेकीकडे जाणारं. पण डोलताना दिसल्या त्या सुमारे ४० टक्के पेशी, आणि बहिणी बहिणीसुद्धा थोड्याच वेळात एकमेकींशी बेताल. आजच्या भाषेत अर्धवट फसलेलं सर्किट! तरीही त्यातून आख्खं फील्ड उभं राहिलं.

पुढची गंमत २०१६ ची. योहान पॉलसन यांच्या ग्रुपने तेच सर्किट पुन्हा हातात घेतलं आणि या वेळी प्रश्न नॉइजचा, म्हणजे पेशीतल्या रेणूंच्या संख्येत योगायोगाने होणाऱ्या चढउतारांचा, विचारला. त्यांनी त्या शेपट्याच काढून टाकल्या, कारण तोडणारं प्रोटिएज मर्यादित, सगळे टॅगवाले प्रोटीन त्याच्याकडे रांग लावणार, आणि त्यातून भलताच गोंधळ आत येतो. शिवाय टेट-आर जिथे चिकटतो तशा जागा जास्तीच्या प्लास्मिडवर टाकल्या, म्हणजे दाबण्यासाठी लागणाऱ्या रेणूंची संख्या वाढली आणि मूठभर रेणूंच्या लहरीवर सर्किट चालायचं थांबलं. पिरियड १४ पिढ्यांपर्यंत लांबला पण इतका नियमित झाला की आख्ख्या फ्लास्कमधल्या पेशी बाहेरून कोणी ताल न देता एकत्र डोलत राहिल्या. २००० मध्ये जी शेपटी जोडणं हा शहाणपणा होता ती २०१६ मध्ये काढणं हा शहाणपणा ठरला, आणि दोन्ही निर्णय मॉडेलमधूनच आले, फक्त विचारलेला प्रश्न वेगळा होता.

तुमच्या सिनियरच्या टोमण्याला उत्तर यातच आहे. प्रयोगाच्या आधी लिहून द्या. 'असं बदललं तर असं दिसेल, आणि तसं दिसलं नाही तर माझी अमुक समजूत चूक', तारीख टाकून, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी. नंतर केलेला फिट कोणालाही जमतो.

गणितातून_आलेला

पेट्रीवाली ताई, प्लास्मिड सिक्वेन्स केलाय, बरोबर आहे. फ्लोचा स्लॉट मागितलाय. आणि जुनं खोड सर, शेपटीचा किस्सा वाचून एकदम ट्यूब पेटली, पेपरमध्ये मी समीकरणंच वाचली होती, ती कशाला लिहिली ते सोडून. पण फिटचं काय, शंभर पट हलणाऱ्या पॅरामीटरचं?

स्टोकॅस्टिक_मामा

त्यावर झोप घालवू नका. २००७ मध्ये गुटेनकुन्स्ट आणि मंडळींनी सिस्टिम्स बायोलॉजीतली १७ छापील मॉडेलं तपासली, सगळीच्या सगळी अशीच निघाली, स्लॉपी म्हणतात त्याला. पॅरामीटरचे काही थोडे कॉम्बिनेशन्स डेटा घट्ट धरून ठेवतो आणि उरलेल्या दिशांना व्हॅल्यू वाटेल तेवढी पळते. टॉगलमध्ये साधं उदाहरण घ्या, ट्रान्सलेशन (एमआरएनएवरून प्रोटीन बनण्याचा वेग) दुप्पट केलं आणि रिप्रेसर चिकटण्याचा थ्रेशोल्ड दुप्पट केला तर वागणूक तीच, मग डेटा बिचारा दोघांत फरक कसा करणार. सगळे पॅरामीटर अचूक काढायच्या मागे लागण्यापेक्षा डेटाला बसणारे खूप सेट गोळा करा आणि ते सगळे सेट पुढच्या प्रयोगाबद्दल काय म्हणतात ते बघा. सगळे एकच सांगत असतील तर पॅरामीटर माहीत नसले तरी प्रेडिक्शन खणखणीत. आणि दोन गट पडत असतील तर दोन्ही गटांत भांडण लावेल तोच प्रयोग पुढे करायचा. दिवसभर काय करायचं विचारलंत ना, माझा तरी निम्मा दिवस यातच जातो. उरलेला निम्मा बेंचवाल्यांच्या एक्सेलमधल्या कॉलमना युनिट विचारण्यात.

आणि एक, तुमची समीकरणं सरासरीची आहेत. बॅक्टेरियाच्या एका पेशीत एखाद्या जीनचे एमआरएनए बऱ्याचदा एखाददोनच असतात, तिथे १.७ एमआरएनए असं काही नसतं. गिलेस्पीचा अल्गोरिदम १९७७ पासून आहे, एकेक रिअ‍ॅक्शन फासे टाकून चालवतो, पायथनमध्ये एका पानात लिहून होतो. दोन अवस्थांमधली दरी उथळ असेल तर समीकरणात स्थिर दिसणारी अवस्था नॉइजने कधी ना कधी ओलांडली जाते, मग प्रश्न 'स्थिर आहे का' असा राहत नाही, 'किती पिढ्या टिकते' असा होतो.

ग्रेडियंट_डिसेंट

डेटा नाही हा मुद्दा मान्य, पण सगळं हातानेच करायचं हेही पटत नाही. २०१६ मध्येच सेलो आलं, व्होइट यांच्या ग्रुपचं, लॉजिक कोडमध्ये लिहायचं आणि सॉफ्टवेअर डीएनए सिक्वेन्स देतं. ६० सर्किट डिझाइन केली, ४५ प्रत्येक आउटपुटला बरोबर चालली. कुठल्याही माणसाने कागदावर बसून हा स्कोअर काढून दाखवावा.

जुनं_खोड

उदाहरण उत्तम आहे, पण ते तुमच्या बाजूचं नाही हो. सेलो डेटाच्या ढिगावर ट्रेन केलेलं नाही, प्रत्येक गेट (लॉजिकचा एकेक सुटा भाग) वेगवेगळं मोजलं, एकाच स्टँडर्डच्या तुलनेत मोजलं, गेटांच्या मध्ये इन्सुलेशन घातलं आणि मगच सॉफ्टवेअरने जुळवाजुळव केली. मोजणी आधी. आणि उरलेली १५ का बिघडली हा मला तरी जास्त इंटरेस्टिंग भाग वाटतो.

पेट्रीवाली

जुनं खोड सरांना +१. बेंचवरून बघताना कॉम्प्युटेशनल माणसाकडून मला काय हवं असतं ते सांगते. मला 'ऑप्टिमल' डिझाइन नकोय. आरबीएस म्हणजे एमआरएनएवर रायबोसोम बसायची जागा, प्रोटीन किती बनणार ते तिच्यावर ठरतं. तिचा जोर आधीच सांगणाऱ्या आरबीएस कॅल्क्युलेटरचंच घ्या, २००९ चा, एवढं वापरलं जाणारं टूल, त्यांचा स्वतःचा दावा एक लाख पटीच्या रेंजमध्ये २.३ पट इकडेतिकडे असा आहे. चांगलंच आहे ते, पण तुमचा स्विच दीडपटीच्या फरकावर मरत असेल तर तुम्ही दिलेला एक ऑप्टिमल आरबीएस मला काय कामाचा? मला चार-पाच आरबीएसची रांग द्या, कमीपासून जास्तीपर्यंत, आणि सांगा की यातला कुठला तरी चालेल आणि पहिला नि शेवटचा चालणार नाही. मग मी एकाच दमात सगळे क्लोन करते, म्हणजे बांधून पेशीत घालते, आणि तुमचं म्हणणं खरं की खोटं ते दिसतं. टॉगलच्या मूळ पेपरमध्येही आरबीएस बदलून बदलून व्हर्जन केलेली होती, आणि त्यातलं एक प्लास्मिड दोन अवस्था धरतच नव्हतं.

आणि पिपेट धरायला शिका. रोज करू नका, पण एकदा तरी आपलं सर्किट स्वतः मोजा, मग कळेल धुणं म्हणजे काय आणि थोडं आयपीटीजी मागे का राहतं.

गणितातून_आलेला

मंडळी, अपडेट. मधे बरेच दिवस गेले, फ्लोचा डेटा आला.

दोन उंचवटे आहेत! आयपीटीजी काढल्यावर सुरुवातीला जवळजवळ सगळ्या पेशी वरच्या उंचवट्यात, मग प्रत्येक डायल्यूशननंतर वरचा उंचवटा कमी कमी आणि खालचा मोठा. मधे कोणी नाही. एटीसीकडून आलेलं कल्चर मात्र खालीच राहतं, वर कोणीही जात नाही. म्हणजे एकतर्फी गळती. मामांच्या सल्ल्याने गिलेस्पी चालवला, गळती येते पण डेटात जेवढ्या वेगाने होते तेवढी आणायला मला नॉइज अवास्तव वाढवावा लागतो. कुठेतरी काहीतरी राहतंय.

पेट्रीवाली

वा, आता मजा आली. दोन गोष्टी बघा. पहिली, खालच्या पेशी वेगळ्या काढा आणि परत आयपीटीजी द्या. हिरव्या झाल्या तर सर्किट शाबूत आहे, फक्त पलटलंय. नाही झाल्या तर म्युटंट आहेत, सर्किट मोडून टाकलेल्या पेशी. सर्किट हे पेशीच्या डोक्यावरचं ओझं असतं, रायबोसोम तेवढेच, त्यातले तुम्ही जीएफपीला लावले की बाकीच्या कामाला कमी पडतात, मग जी पेशी सर्किट मोडते ती जोरात वाढते आणि काही पिढ्यांत कल्चर तिचंच.

दुसरी, म्युटंट नसल्या तरी हिरव्या आणि न-हिरव्या पेशींचा वाढीचा वेग वेगळा असू शकतो. दोन्ही वेगवेगळ्या वाढवून ग्रोथ कर्व्ह काढा. हिरव्या जरी थोड्या हळू वाढत असतील तरी दर पिढीला त्यांचा वाटा घटत जाणार, आणि तुम्हाला फ्लोवर दिसणार की पेशी पलटतायत, प्रत्यक्षात थोड्याच पलटल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली.

स्टोकॅस्टिक_मामा

अगदी. तुमच्या मॉडेलमध्ये पेशींची लोकसंख्याच नाहीये, एकच पेशी अनंतकाळ चाललीय. दोन अवस्था, प्रत्येकीचा वाढीचा वेग, आणि वरून खाली पलटण्याचा एक दर, एवढं छोटं मॉडेल वरच्या पातळीला लिहा. तीन आकडे, त्यातले दोन ग्रोथ कर्व्हमधून थेट मिळणार, उरला एक.

जुनं_खोड

फक्त वाढीचा परिणाम म्हटलं की सगळं त्याच्यावर ढकलायचा मोह होतो, तो टाळा. २०२० च्या एका कामात दोन प्रकारचे मेमरी स्विच शेजारी शेजारी ठेवून तपासले होते, स्वतःलाच चालू ठेवणारा स्विच वाढीच्या डायल्यूशनने मेमरी विसरला आणि टॉगल मात्र सावरला. म्हणजे टॉगल मुळात त्या बाबतीत चिवट आहे. तुमचा गळतोय तर वाढीबरोबर दोन्ही बाजूंच्या ताकदीतही तफावत असावी, लॅक-आय भारी पडतोय असं दिसतंय.

गणितातून_आलेला

रिपोर्ट देतो. खालच्या पेशींना आयपीटीजी दिलं, हिरव्या झाल्या, म्हणजे म्युटंट नाहीत, निदान बहुतेक तरी नाहीत. हिरव्या पेशी खरंच हळू वाढतात, फरक छोटा आहे पण प्रत्येक रिपीटमध्ये आहे. ते दोन वेग मामांच्या तीन आकड्यांच्या मॉडेलमध्ये टाकले तर पलटण्याचा जो दर उरतो तो आता वास्तववादी नॉइजमध्ये मावतो. तरी तो दर शून्य नाही, तेव्हा जुनं खोड सरांचा तफावतीचा मुद्दा उभाच आहे.

सिनियरला काल पाच आरबीएसची रांग दिली, सगळे टेट-आरच्या बाजूला, लॅक-आयला हात लावलेला नाही. सोबत लिहून दिलंय की पहिला सध्यापेक्षा वेगाने गळेल, दुसरा म्हणजे सध्याचाच, तिसरा आणि चौथा दोन्ही बाजूंना टिकतील, पाचवा उलटा पडेल म्हणजे एटीसीकडून आलेल्या पेशी आपोआप हिरव्या व्हायला लागतील. पाचव्याची मला स्वतःलाच खात्री नाही, कारण तिथे ओझंही सगळ्यात जास्त आणि माझे निम्मे पॅरामीटर सेट एक सांगतात, निम्मे दुसरं.

ती म्हणाली आधी पाचवाच क्लोन करू.

पेट्रीवाली

मला आवडली ही बाई. पाचव्याचा ग्रोथ कर्व्ह पहिल्या दिवसापासून काढा, आणि दर काही पिढ्यांनी ग्लिसरॉल स्टॉक (गोठवलेला नमुना) करून ठेवा, तिथे म्युटंट लवकर येतील.

स्टोकॅस्टिक_मामा

आणि कोड, पॅरामीटर, सुरुवातीच्या व्हॅल्यू सगळं एसबीएमएलमध्ये (अशा मॉडेलांचा स्टँडर्ड फाइल फॉरमॅट) एक्सपोर्ट करून आत्ताच ठेवा, पेपर लिहायच्या वेळी नको. २०२१ मध्ये ४५५ छापील मॉडेलं पुन्हा चालवून बघितली तर जवळपास निम्मी पेपरमधल्या माहितीवर चाललीच नाहीत, कुठे युनिट गायब, कुठे एखादं चिन्ह उलटं. फ्लोच्या फाइली कुठे टाकताय? दुवा द्या, मीही माझ्याकडे चालवून बघतो.